जालन्याच्या डोंगरवाटा आणि त्यांचे वाटाडे

व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले, की गड, लढाया आणि राजवंश यांची अपेक्षा असते. आज त्यांतले थोडेफार येईलच. पण आमचा खरा विषय त्याहून साधा, अगदी पायाखालचा आहे. आम्ही वाटांविषयी बोलणार आहोत. तेही मोठ्या हमरस्त्यांविषयी नव्हे, तर जालन्याच्या आसपासच्या टेकड्यांतून, ओढ्यांच्या घळींतून आणि मुरमाड माळांवरून गेलेल्या गाडीवाटांविषयी. या वाटांवरून आता काही तरुण मंडळी हौसेने सायकली घेऊन हिंडू लागली आहेत. त्यांच्या सायकलीला ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणजे खडीवरची सायकल असे नाव आहे. हे नवे खूळ आहे काय, असे आम्हांस एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही दोन हजार वर्षे मागे गेलो. तो प्रवास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम भूमी पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा मुलूख मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे उतरत आले आहेत आणि दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी आहे. यांच्या दरम्यान पूर्णा, दुधना, गिरजा, खेळणा, कुंडलिका अशा नद्या वाहतात. खाली सगळीकडे काळा कातळ. हा कातळ ऊन-पावसाने झिजून त्याचा प्रथम मुरूम होतो आणि मुरूम आणखी झिजून सखल भागात काळी माती साठते. मुरूम पावसात पाणी पिऊन घट्ट बसतो. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि चाकाला धरते. आपल्या पूर्वजांना भूगर्भशास्त्र ठाऊक नसले, तरी बैलाच्या मानेवरून जमीन ओळखण्याची विद्या त्यांना होती. म्हणून जुनी गाडीवाट पाहावी, तर ती होईल तोवर बरड माळाची धार सोडत नाही. काळीत उतरते ती नाइलाजाने, आणि नदीला जेथे कातळाचा किंवा वाळूचा उतार असेल तेथेच ओलांडते. वाट वाकडी दिसते ती आळसाने वाकडी झालेली नसते. प्रत्येक वळणामागे एखादी रुतलेली गाडी असते.

अशा वाटांवर गावे वसली आणि गावांमुळे वाटा टिकल्या. भोकरदन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आज तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव सातवाहनांच्या काळी ‘भोगवर्धन’ या नावाने प्रसिद्ध होते. भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरील लेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. येथील माणसे माळव्यातील आणि त्याही पलीकडील स्तूपांना दान देत होती, यावरून त्यांचे दळणवळण किती दूरवर होते याची कल्पना यावी. १९७० नंतरच्या दशकात येथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य कोणाशी निघावे? इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी! इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले ते नगर कोठे आणि खेळणेच्या काठचे भोकरदन कोठे! पैठणहून उत्तरेकडे जाणारा माल याच बाजूने अजिंठ्याचा डोंगर ओलांडीत असे. त्या मालाच्या गाड्यांना ना डांबर मिळाले, ना सिमेंट. मुरूम होता, उतार होते आणि वाट जाणणारी माणसे होती.

या वाट जाणणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत ‘वाटाड्या’ असा सुंदर शब्द आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तो क्वचितच येतो. आला तरी बहुधा नावावाचून. पण जालन्याचा इतिहास त्याच्यावाचून सांगताच येत नाही. दोन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग १६७९ च्या नोव्हेंबरातला. दिलेरखानाने विजापूरवर चाल केली होती आणि त्याचा जोर कमी करावा म्हणून शिवाजी महाराज मोगली मुलुखात शिरले. जालना ही तेव्हा मोठ्या सावकारांची, श्रीमंत बाजारपेठ होती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. महाराजांनी पेठ लुटली. परंतु लुटीचे ओझे घेऊन परतताना वाटेत मोगलांच्या रणमस्तखानाने त्यांना गाठले. निकराची लढाई झाली, सिधोजी निंबाळकरांसारखा मोहरा पडला आणि मोगलांची आणखी कुमक येत असल्याची वार्ता आली. कोंडी होण्याचा रंग दिसू लागला. त्या वेळी हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक पुढे झाले. त्यांनी महाराजांना व सैन्याला एका अपरिचित आडवाटेने काढले. तीन दिवस आणि तीन रात्री मजल करून त्यांना अकोल्याच्या डोंगरातील पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचविले. लुटीतील बराच भाग गेला, माणसेही गेली. पण राजा वाचला. महाराजांनी तेथे विसावा घेतला, म्हणून त्या किल्ल्याला ‘विश्रामगड’ हे नाव मिळाले. तलवारीने जे साधले नसते, ते एका माणसाच्या डोक्यातील नकाशाने साधले.

बहिर्जी नाईकांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, हे त्यांचे आणि आपले भाग्य होय. दुसऱ्या प्रसंगातील वाटाडे इतके भाग्यवान नव्हते.

तो प्रसंग १८०३ सालचा, असईच्या लढाईचा. असई हे गाव आज जालना जिल्ह्यातच आहे. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा ऑगस्टात अजिंठ्याचा घाट चढून वर आल्या होत्या. इंग्रजांच्या बाजूने कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर रोजी जालन्याचा किल्ला घेतला. पुढे २१ सप्टेंबरला बदनापूर येथे त्याची आणि जनरल आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून युरोपात गाजला. दोघांना मिळून भोकरदनच्या बाजूस असलेल्या मराठी फौजेवर जावयाचे होते. परंतु बदनापूर आणि जालना यांच्या दरम्यान टेकड्या आहेत. त्यांतील खिंडी अरुंद; दोन्ही फौजा एकाच दिवशी एकाच खिंडीतून जाऊ शकत नव्हत्या. शिवाय एकच वाट धरली, तर मराठे दुसरीने दक्षिणेकडे निसटतील हेही भय होते. म्हणून स्टीव्हन्सनने डोंगराच्या पश्चिमेची वाट धरावी, वेलस्लीने जालन्याच्या अंगाने पूर्वेची धरावी आणि पुढे एकत्र होऊन २४ तारखेला हल्ला करावा, असा बेत ठरला. ज्यांना आपण सायकलीवरून फिरावयाच्या टेकड्या समजतो, त्यांनी एका साम्राज्याची फौज अशी दुभंगून टाकली!

यापुढे घडले ते फार विचार करण्याजोगे आहे. वेलस्लीच्या हेरांनी वार्ता आणली होती, की मराठ्यांचा तळ ‘भोकरदनला’ आहे. वेलस्लीने ते गाव समजून अंतराचा हिशेब केला. हेरांच्या बोलण्यात भोकरदन म्हणजे भोकरदन परगणा होता, आणि तळ पसरला होता भोकरदनपासून थेट असईपर्यंत. परिणाम असा झाला, की २३ तारखेला सुमारे १४ मैलांचे कूच करून वेलस्ली मुक्कामावर येतो न येतो, तोच शत्रू अवघ्या काही मैलांवर असल्याचे त्याला कळले. स्टीव्हन्सन डोंगराच्या पलीकडे होता. तरीही वेलस्लीने त्याच दिवशी हल्ला करण्याचे ठरविले.

पुढे आडवी खेळणा नदी आली. तिचे काठ उंच आणि तुटलेले. समोरून ओलांडावी तर मराठ्यांच्या तोफा रोखलेल्या. म्हणून बाजूने जाण्यासाठी दुसरा उतार हवा होता. वेलस्लीने वाटाड्यांना विचारले. त्यांनी एकमुखाने सांगितले, की जवळपास दुसरा उतार नाही. तेव्हा त्याने दुर्बिणीतून पाहिले. नदीच्या एका काठावर पिंपळगाव आणि बरोबर समोरच्या काठावर वरूर, अशी दोन गावे त्याला दिसली. त्याने तर्क केला, की नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावे वसली आहेत, त्या अर्थी माणसे पलीकडे जातयेत असणारच. म्हणजे उतार असलाच पाहिजे. शोध घेतला तो उतार निघाला. तेथून फौज पार झाली आणि खेळणा व जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात ती घनघोर लढाई झाली. मराठ्यांच्या शंभरावर तोफा आणि कवायती पायदळ शौर्याने लढले. इंग्रजांकडील सुमारे १,६०० माणसे मेली वा जखमी झाली. वेलस्लीने पुढे मोठमोठ्या लढाया मारल्या, तरी असईचा रक्तपात तो विसरला नाही.

रणाचे वर्णन हा आपला विषय नव्हे. आम्हांला त्या वाटाड्यांजवळ थांबावयाचे आहे. दोन गावांतला उतार आसपासच्या माणसांना ठाऊक नव्हता, यावर कोण विश्वास ठेवील? पिंपळगावची लेक वरूरला दिली असेल, वरूरचे गुरू पिंपळगावच्या माळावर चरत असेल. कदाचित ते वाटाडे दुरून आणलेले असतील आणि त्यांना खरोखरच ठाऊक नसेल. पण कदाचित ठाऊक असूनही ते बोलले नसतील. कोणत्याही कागदात त्यांची बाजू लिहिलेली नाही.

आणि स्टीव्हन्सन? तो पश्चिमेच्या वाटेने हसनाबादेपर्यंत आला होता. तोफांचे आवाज ऐकून तो निघाला. पण त्याचा वाटाड्या त्याला प्रथम भोकरदनकडे घेऊन गेला आणि रणभूमीवर पोचावयास २४ तारखेची संध्याकाळ झाली. लढाई आदल्या दिवशीच संपली होती. वाटाड्याने बुद्ध्याच चुकविले, असा संशय घेऊन स्टीव्हन्सनने त्याला पुढे फाशी दिले, असे इंग्रज इतिहासकार लिहितात.

श्रोतेहो, त्या फासावर गेलेल्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तो देशाभिमानी होता, की नुसता चुकला, हे आता सांगता येणार नाही. पण आम्ही एक साधी गोष्ट आपल्या विचारासाठी पुढे ठेवतो. मूळ बेतच मुळी भोकरदनकडे जाण्याचा होता. ‘भोकरदन’ या एका शब्दाने, गाव की परगणा या घोटाळ्याने, खुद्द जनरलचा हिशेब चुकला होता. मग ‘भोकरदनला ने’ एवढाच हुकूम ज्याला मिळाला असेल, त्याने भोकरदनला नेले, तर त्याचा अपराध कोणता? जनरलची चूक इतिहासात साहस म्हणून नोंदली गेली आणि वाटाड्याची चूक फितुरी ठरली. आमचे हे अनुमानच आहे; पण असईच्या बाजूला जाताना त्या अनामिकाची आठवण व्हावी असे आम्हांस वाटते.

राज्यकर्त्यांना एक गोष्ट पटलेली होती. वाटेचे ज्ञान माणसाच्या जिभेवर ठेवणे धोक्याचे. ते कागदावर हवे. लष्करी मोजणीदार एक लाकडी चाक जमिनीवरून ढकलीत मैलन् मैल मोजीत जात. त्या चाकाचे फेरे मोजले, की वाटेची लांबी कळे. निजामाच्या राज्यात १८२७ साली जालन्याला छावणी वसली आणि ती १९०३ पर्यंत टिकली. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा रेल्वेचा फाटा जालन्यावरून गेला. बाजारपेठेचा माल रूळांवर चढला. त्यामागून पक्के रस्ते आले आणि अलीकडे तर मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. या ७०१ किलोमीटरच्या मार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तेथे मोटारी वाऱ्यासारख्या धावतात; दुचाकीला मात्र मज्जाव आहे. प्रत्येक नव्या रस्त्याबरोबर जुन्या वाटेचा दर्जा एक पायरी खाली उतरला. हमरस्त्याची गाडीवाट झाली, गाडीवाटेची पाणंद झाली, पाणंदीची पायवाट झाली आणि पायवाटेवर कोणी तरी एके दिवशी नांगर फिरविला.

येथे सायकलीचा प्रवेश होतो. डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर काढला आणि सायकल माणसाच्या हाडांना सोसेल अशी झाली. पण तेव्हा जगात गुळगुळीत रस्ते होतेच कोठे? अमेरिकेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका तुकडीने १८९७ साली मोंटाना प्रांतातून सेंट लुईसपर्यंत सुमारे १,९०० मैल सायकलीवरून प्रवास केला, तो चिखल, खडक आणि ओढे तुडवीतच. तेथील चिकण चिखल चाकात अडकून सायकल जागीच थांबे, हे वाचताना आम्हांस आपल्या काळीची आठवण झाली. आपल्याकडे मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी काही पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. इराणची वाळवंटे आणि दक्षिण अमेरिकेची अरण्ये त्यांनी ओलांडली. डांबर त्यांच्या वाट्याला क्वचितच आले.

आता ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणजे काय ते सांगतो. शर्यतीच्या सायकलीसारखी वाकडी मूठ, पण टायर रुंद, त्यात हवा थोडी कमी, चढासाठी हलके गिअर आणि उतारासाठी चाकाच्या मध्याशी बसविलेले तबकडीचे ब्रेक. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ पासून खडीच्या वाटांवर २०० मैलांची शर्यत सुरू झाली, तेव्हापासून या प्रकाराला बहर आला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या सायकलीचा टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतो.

आणि आता आपल्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या वडिलांची जी काळी, उंच, दांडीची सायकल होती, तिच्या टायरवर काय लिहिलेले असे ते आठवा. २८ बाय दीड! दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. पश्चिमेच्या कारागिरांनी एकविसाव्या शतकात मोठ्या संशोधनानंतर जी रुंदी पसंत केली, त्याच रुंदीच्या टायरवरून आपला पोस्टमन, शाळामास्तर आणि दूधवाला कित्येक दशके पाणंदीतून जातयेत होता. मागे कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा धान्याचे पोते, पुढे दांडीवर एखादे पोर, आणि गिअर एकही नाही. खडीवरची सायकल आपल्याकडे नवी नाही. नाव तेवढे नवे आहे.

आम्हीही एका पावसाळ्याच्या तोंडी भोकरदनच्या बाजूला अशीच सायकल घेऊन गेलो होतो. माळावर मुरूम होता तोवर चाक गाणे गात होते. पुढे वाट काळीत उतरली आणि एका सरीत सगळा डौल उतरला. चिखल चाकात आणि चिमट्यात असा बसला, की सायकल पुढेही जाईना आणि मागेही येईना. बांधावर गुरे राखणारा एक मुलगा हे पाहत उभा होता. त्याने वाळकी काडी आणून आमच्या हातात दिली आणि म्हणाला, “अहो काका, पावसाची वाट ही न्हाई. उन्हाळ्याची हाय. पावसाची वाट त्या टेकाडावरनं हाय.” एकाच गावाला जाणाऱ्या दोन वाटा, ऋतूप्रमाणे! आमच्या खिशातील यंत्रावर उपग्रहाने काढलेला नकाशा होता. त्यात ही गोष्ट नव्हती. बहिर्जी नाईकांची विद्या अजून पुरती बुडालेली नाही, हे त्या क्षणी आम्हांस कळले. ती एका गुराख्याच्या पोराजवळ शिल्लक होती.

पण ती किती दिवस राहील? आमच्या बोलण्याचे खरे कारण हेच आहे. गाव-नकाशा काढून पाहा; त्यात दुहेरी तुटक रेषेने गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषेने पायवाट दाखविलेली असते. त्या रेषा घेऊन शिवारात जा. कित्येक ठिकाणी रेषा आहे आणि वाट नाही. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी वीतभर पुढे सरकले आणि वाट मधल्या मध्ये चिरडली. मग ऊस किंवा कापूस शेतातून बाहेर काढावयाचा कसा, या प्रश्नावर भावकीत भांडणे लागतात आणि तहसील कचेरीत खेटे पडतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. शासनाच्या पाणंद रस्त्यांच्या योजनाही आहेत. कायदा आहे आणि योजना आहेत. परंतु वाट जिवंत राहते ती वापराने. तिच्यावरून जाणारे पाऊल आणि चाक थांबले, की कागदाला तिला फार दिवस जगविता येत नाही.

म्हणून या सायकलवाल्या तरुणांकडे आम्ही कौतुकाने पाहतो. ते रविवारी सकाळी मौज म्हणून निघतात हे खरे. पण नकळत ते वाट वापरात ठेवतात. त्यांना आमचे दोन शब्द सांगणे आहे. पिकातून चाक घालू नका, फाटक उघडले तर लावून पुढे जा; आणि बांधावरच्या माणसाला वाटेचे नाव, उताराचे नाव, पावसाळी वाट कोणती आणि उन्हाळी कोणती हे विचारा व लिहून ठेवा. शहरातील शाळांनी मुलांकडून असे वहीभर टिपण करून घेतले, तर जिल्ह्याचा एक नवाच इतिहास हाती येईल. त्यात राजे थोडे असतील, उतार पुष्कळ असतील.

बदनापूरपासून टेकड्यांच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून निघालेल्या दोन वाटा पुढे भोकरदनच्या मुलखात उतरतात. कधी त्या बाजूला गेलात, तर खेळणेच्या काठी घटकाभर थांबा. असईत वेलस्लीच्या माणसांच्या आठवणी तुम्हांला कोणीही दाखवील. ज्याला भोकरदनला ने म्हटले आणि ज्याने भोकरदनला नेले, त्या वाटाड्याचा दगड मात्र कोठेही नाही. ज्या वाटेवरून तुम्ही आला असाल, तीच त्याची खूण समजा आणि ती बुजू देऊ नका.